गनी नालबंदाचा अंगठा

धाडच्या बाजारात कुणी नवा माणूस अब्दुल गनी नालबंदाशी हात मिळवायचा, तो हात सुटल्यावर आधी स्वतःचा तळवा बघायचा. खरचटलं तर नाही ना, म्हणून. पन्नास वर्षं हातोडी, पकड आणि कानस धरून गनीभाईच्या हाताला घट्टे पडले होते, घट्ट्यांवर भेगा पडल्या होत्या, आणि भेगांत लोखंडाचा काळा कीस जाऊन बसला होता. तो काही केल्या निघेना, तेव्हा गनीभाईनं काढायचा नादच सोडला. भाजीवाल्या बायका चेष्टेनं म्हणायच्या, गनीभाऊचा हात फिरवला तर तव्याची काजळीही निघेल. चहाच्या टपरीवर कुणाची बिडी पेटवायला काडी नसली की तो चुलीतला निखारा दोन बोटांत उचलून द्यायचा. लोक तोंडाचा आ करून बघायचे आणि गनीभाईला ते आवडायचं. उगाच खोटं कशाला बोला?

शहरातल्या माणसाला वाटतं, नाल असतो तो घोड्यालाच. बैलालाही असतो, आणि घाटातल्या दगडांवर चालणाऱ्या बैलाला तर तो लागतोच. बैलाचा खूर मधून दुभागलेला, म्हणून एका पायाला दोन आणि चार पायांना आठ नाल. दोरीचा फेरा टाकून बैल आडवा पाडायचा, चारही पाय एकत्र बांधायचे, मालकानं मान दाबून धरायची. मग खूर तासायचा, त्यावर लोखंडाचा पातळ पत्रा बसवायचा आणि खिळे ठोकायचे. खिळा खुराच्या कडेकडेनं, मेलेल्या नखातून जाऊन बाहेर निघाला पाहिजे. जरासा आत वळला की जिव्हाळीला लागतो, म्हणजे नखाच्या आतल्या जित्या मांसाला. तो वेळेवर काढला नाही तर खूर पिकतो आणि बैलाचा पाय जातो.

आता खिळा आतल्या आत कुठं चालला आहे हे काही डोळ्यांना दिसत नाही. ते अंगठ्याला कळतं. डाव्या हाताचा अंगठा खुराच्या बाहेरच्या अंगाला टेकवून ठेवायचा. खिळा बरोबर वाटेनं येत असला की दर ठोक्याला अंगठ्याखाली बारीक थरथर येते. थरथर आली नाही की समजायचं, वाट चुकली. गनीच्या बापानं त्याला पहिली दोन वर्षं हातोडीला हात लावू दिला नव्हता. बाप ठोकायचा आणि पोरगं नुसता अंगठा ठेवून बसायचं. "आया?" "आया." "झूठ बोलता," की पाठीत धपाटा. बाप जाऊन तीस वर्षं झाली, पण अंगठा टेकवला की अजून गनीभाईची पाठ आपसूक आखडायची.

गनीभाईचा खिळा कधी चुकत नाही, असं पंचक्रोशीत बोललं जायचं. त्याला स्वतःला ठाऊक होतं की तरुणपणी दोनदा चुकला होता. दोन्ही वेळा त्यानं तिथल्या तिथं ओळखून, चारचौघांसमोर पकडीनं उपसून काढला होता आणि बापाच्या शिव्या खाल्ल्या होत्या. शिव्या देऊन झाल्यावर बाप म्हणाला होता की चुकलं ते चुकलं, पण आत ठेवलं नाहीस हे बरं केलंस.

एवढं सांगितल्यावर आता त्या तव्याचं सांगायला हवं.

मार्गशीर्षातली सकाळ होती. गार वारा सुटला होता. अंगणातल्या चुलीवर शबाना, त्याची सून, भाकरी टाकत होती. बायको वारल्यापासून घर शबानानंच धरून ठेवलं होतं. गनीभाई शेकायला येऊन बसला आणि नौशादच्या तक्रारी सांगू लागला. नौशाद हा त्याचा मुलगा, बुलढाण्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांचं वेल्डिंग करायचा आणि बापाच्या अवजारांच्या पेटीला भंगार म्हणायचा. बोलता बोलता गनीभाईनं डावा हात टेकवला, तो नुकत्याच उतरवून ठेवलेल्या तव्यावर. बोलणं चालूच. वास आधी शबानाला आला.

"अब्बा, हात! हात जल रहा तुम्हारा!"

त्यानं बघितलं, मग हात उचलला. कातडीचा एक तुकडा तव्यालाच राहिला. "नालबंद का हाथ है बेटी," म्हणून तो हसला. शबाना हसली नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. इथं जळत होतं एकाचं आणि कळलं दुसरीला. आणि तिला आणखीही काही आठवलं. गेल्या महिन्यात अब्बांची एक चप्पल दारात सुटून पडली होती आणि ते तसेच, एक पाय अनवाणी, नाक्यापर्यंत गेले होते. तेव्हा सगळे हसले होते.

दुसऱ्या दिवशी ती त्याला ओढत दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरनं त्याला डोळे मिटायला सांगितले आणि बोटांवर काहीतरी टोचलं, की नुसतं टोचल्यासारखं केलं, हे गनीभाईला सांगता आलं नाही. साखर निघाली. बरीच वर्षं असावी, नसा गेल्यात, असं डॉक्टर म्हणाले.

"वापस येतीन ना?" गनीभाईनं विचारलं.

"गोळ्या घेतल्या, पथ्य पाळलं, तर पुढचं थांबेल. गेलेलं परत येईल असं मी सांगणार नाही."

घरी आल्यावर तो पेटी घेऊन परसात गेला. पेटीतला एक नवा खिळा काढला, डोळे मिटले आणि टोक डाव्या अंगठ्यावर टेकवून दाबत राहिला. टोचेल तेव्हा थांबायचं, असं त्यानं ठरवलं होतं. बराच वेळ झाला. डोळे उघडले तेव्हा रक्त मनगटापर्यंत ओघळलं होतं. तेव्हा मात्र तो भ्यायला. बैलाची लाथ बसून बरगडी मोडली तेव्हा भ्यायला नव्हता इतका भ्यायला. ज्या कातडीचं पन्नास वर्षं कौतुक ऐकलं, तिच्याखालून सगळं कधी निघून गेलं ते त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. खडबडीत हाताला कमी लागतं, हे तो शहाणपण समजत आला होता.

शबाना म्हणाली, "अब बाजार को मत जाओ, अब्बा."

"नौशादला सांगू नको," एवढंच तो म्हणाला. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि कान होते की अजून. वाटेनं जाणारा खिळा टणक वाजतो. मांसाकडं वळला की आवाज बसतो, मऊ होतो. कानांवर निभावून नेऊ, असं त्यानं स्वतःला समजावलं. माणसाला स्वतःला समजावायला कितीसा वेळ लागतो?

पुढच्याच बाजाराला कडूबा चांद्याला घेऊन आला.

कडूबा हा धाडपासून अडीच कोसांवरच्या टेकाडावर राहणारा. त्याच्या आधीची तीन भावंडं गेली, म्हणून आईबापांनी चौथ्याचं नाव कडूबा ठेवलं. मरणानं तोंडात घेतलंच तर थुंकून टाकावं म्हणून. टिकला खरा. त्याचं शेत म्हणजे चार एकर खडक. दर पावसाळ्यात मातीतून नवे दगड वर येतात आणि कडूबा आणि त्याची बायको रुखमाबाई ते वेचून बांधावर रचतात. बांध माणसाच्या छातीला लागला तरी दगड काही संपलेले नाहीत. एकानं हौसेनं तिथं ट्रॅक्टर चढवला होता, तो उतारावर कलंडला. ड्रायव्हर उडी मारून वाचला, आणि तेव्हापासून कुठलाही ट्रॅक्टरवाला त्या वाटेला फिरकत नाही. तिथं बैलच चालतात, आणि नाल नसले तर महिन्याभरात तेही बसतात. कडूबाला वखरताना विंचू चावला तर त्यानं म्हणे आधी हातातलं तास, म्हणजे वखराची चालू ओळ, पुरं केलं आणि मग पाय बघितला. "माह्या घरी कन्हायची चाल नाई," असं तो छाती काढून सांगायचा. चांद्या आणि राख्या हे त्याचे दोन बैल, तेही त्याच्याच वळणावर गेलेले.

"याचे आज ठोका, राख्याचे दोन-तीन बाजारानं," कडूबा दोरी सोडत म्हणाला. "कापूस उतरवाचा हाय खाली."

सांगून टाकावं, असं गनीभाईच्या मनात आलं. तोंडाशी आलंही. पण तो बाजारात बसायचा त्या कडूनिंबाखाली चार माणसं बसली होती, आणि कडूबा त्यांना सांगत होता, "अडीच कोस चालून येतो मी. काऊन? ह्या हातासाठी." एवढं ऐकल्यावर गनीभाईनं पेटी उघडली.

तीन पाय व्यवस्थित झाले. अंगठा तो नेमानं टेकवत होता, पण ते देवापुढं नुसतं निरांजन ओवाळावं आणि त्यात वातच नसावी तसं. काम कान करत होते. चौथा पाय, पुढचा डावा. बाहेरच्या नालाचा तिसरा खिळा त्यानं लावला आणि नेमकी ब्लँकेटवाल्याची रिक्षा नाक्यावरून वळून आली. तिच्या भोंग्यातून एकच ओळ पुन्हा पुन्हा ओरडत होती. हात थांबवायला हवा होता. पण हात कधी थांबत नसे, आणि थांबला असता तर चौघांनी का म्हणून विचारलं असतं. चार ठोके त्या गोंगाटात गेले. खिळ्याचं टोक बाहेर आलं, ते असायला हवं त्याच्या नखभर वर, म्हणजे खिळा आतून वळून आला होता.

ते त्यानं बघितलं. चांद्याचा एक कान हलला, तेही बघितलं. त्याचा उजवा हात पकडीवर गेला आणि तिथंच राहिला.

"पाह्यलं?" कडूबा बैलाची मान दाबून धरत चौघांना म्हणाला. "हू नाई का चू नाई. बैल असा पाह्यजे."

गनीभाईनं पकड उचलली, पण खिळा उपसायला नव्हे. टोक मोडलं, कानस मारली, आणि दोऱ्या सोडल्या. मग रिवाजाप्रमाणं चांद्याला पाराजवळच्या दगडी फरशीवर चालवलं. गनीभाई डोळे मिटून ऐकत राहिला. आठही नाल स्वच्छ वाजले. दुखलं तरी पाय तसाच टाकायचा, हे त्या बैलाला त्या घरात शिकवलेलंच होतं.

"कसं काय?" कडूबानं विचारलं.

"ठीक हाय," गनीभाई म्हणाला.

त्या आठ दिवसांत त्याला अन्न गोड लागलं नाही. डॉक्टरनं गोड तसंही बंद केलं होतं म्हणा. शबाना विचारायची, काय झालं, आणि तो गोळ्यांवर ढकलायचा. एकदा मनात आलं, जीप धरून टेकाडाच्या पायथ्याशी जावं, नुसतं बघून यावं. पण जाऊन सांगायचं काय? न बोलावता नालबंद आला म्हणजे कडूबाला कळणार नाही होय? तो स्वतःशी म्हणे, टोक वर निघालं म्हणून काय, पुष्कळदा तसंही निभावतं. मग त्याला कान हललेला आठवायचा.

पुढच्या बाजाराला कडूबा आला नाही. रुखमाबाई आली. हळद आणि तुरटी घेऊन ती कडूनिंबाखाली आली आणि डोक्यावरचा पदर सारखा करत उभी राहिली.

"गनीभाऊ, चांद्या पाय टेकून नाई राह्यला. सहा दिस झाले."

"कोनता पाय?"

"पुढचा डावा."

"नाल काढला का?"

"कायले काढतीन? जनावराचा डाक्टर आला होता. थो म्हने, आधी नाल काढा, मंग खूर पाहू. आमच्या यायनं त्याले पायाले हातच नाई लावू देल्ला. म्हने, गनीभाईचा नाल हाय थो, त्याच्यात खोट निंघनार नाई. खांदा लचकला असन म्हनून खांदाच शेकून राह्यले, ईट तापवू तापवू. डाक्टर रागानं निंघून गेला."

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. दुसऱ्या कुणाचं असतं तर गनीभाई हसला असता. त्यानं पेटी उचलली, कडूनिंबाखाली दोन बैल ताटकळत होते त्यांच्या मालकांकडं बघितलंही नाही, आणि म्हणाला, "वहिनी, चला."

जीप पायथ्याशी सोडते. पुढं पायवाट, आणि ती वाट म्हणजे नुसते धारेवर उभे दगड. रुखमाबाई पुढं, गनीभाई पेटी घेऊन मागं. अर्ध्या वाटेवर तिनं वळून बघितलं आणि थबकली. "गनीभाऊ, तुमच्या पायाले रगत हाय. चप्पल कुठी गेली?" एक चप्पल खाली कुठंतरी राहिली होती. अंगठ्याच्या बाजूचं नख उलटलं होतं. "हाव," गनीभाई म्हणाला आणि चालत राहिला. ती त्याच्या पायाकडं बघतच राहिली.

चांद्या गोठ्यासमोर तीन पायांवर उभा होता. चौथा नुसता टेकवल्यासारखा. खुरावरचा घोटा सुजून चकचकीत झाला होता. आठ दिवसांत बैलाच्या बरगड्या मोजता येत होत्या. कडूबा खांद्याला वीट लावत होता. गनीभाईला बघून त्याचा चेहरा उजळला, आणि ते बघून गनीभाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पहा बरं गनीभाई. डाक्टर म्हने नाल काढा. येडा झाला का म्हनलं थो."

"खिळा माहा हाय, कडूबाभाऊ."

"कोनता खिळा?"

"याच्या पायात जो घुसला थो. ठोकला तवाच मले शक आला होता. काढाले पाह्यजे होता. नाई काढला."

कडूबा हसला. "उगी काहीबी. काटा असन."

गनीभाई खाली बसला. त्यानं पाय मांडीवर घेतला, खुरावर हात फिरवला, आणि हात तसाच राहिला. बाहेरच्या नालाचा तिसरा असावा, पण चुकीचा उपसून चालणार नव्हतं, आणि पक्कं करायचं तर ताप कुठं आहे ते चाचपून कळायला हवं. सुजेनं आणि चिखलानं टोकं बुजली होती. सगळे खिळे हिसकले तर बैल मरणाचा तडफडेल. त्याच्या हाताला खूर, दगड, लोखंड, सगळं एकच होतं.

"वहिनी, इकडे या. अंगठा ठेवा इथी."

"म्या?"

"मले काई लागत नाई. हात मेला माहा."

नवराबायको एकमेकांकडं बघायला लागली. थट्टा वाटली असावी. मग गनीभाईनं पेटीतला खिळा काढला आणि त्यांच्यादेखत डाव्या अंगठ्यात रुतवला, रक्त येईपर्यंत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. कडूबाच्या हातातली वीट खाली पडली.

रुखमाबाई पुढं आली, बसली, आणि तिनं अंगठा टेकवला. तिच्याही हातावर तीस वर्षांच्या दगडवेचणीच्या भेगा होत्या. पण तो हात जिवंत होता. एकेका खिळ्यावरून तिनं तो हळूहळू सरकवला. "इथी नाई... इथी बी नाई..." आणि तिसऱ्यावर तिनं हात एकदम मागं घेतला. "इथी. जळते इथी."

गनीभाईनं पकड लावली आणि ओढलं. चांद्या हंबरला. त्या घरात जन्मल्यापासून पहिल्यांदा हंबरला, आणि असा की पलीकडच्या टेकाडावरची गुरं माना वर करून बघायला लागली. खिळ्यामागून काळं पाणी आलं, मग पू. त्याचा वास अंगणभर झाला. कडूबा भिंतीला टेकून खाली बसला.

रागानं गेलेल्या डॉक्टरला हातापाया पडून परत आणलं. त्यानं खूर कापून धुतला, सुया दिल्या. हाडापर्यंत गेलं आहे, म्हणाला. जगेल, पण ओढकाम होणार नाही. "सहा दिवस आधी नाल काढला असता तर..." एवढं म्हणून तो थांबला, कारण कडूबा उठून बांधाकडं निघून गेला होता.

गनीभाई निघाला तेव्हा कडूबा वळणापर्यंत सोबत आला. मग कडूबा म्हणाला, "गनीभाई, हे खाली कोनाले सांगू नका. म्या काटा म्हनून सांगीन."

"काऊन?"

"तुमचं नाव जाईन." दोन पावलं पुढं गेल्यावर तो म्हणाला, "अन माहं बी. माह्याच शब्दावर थो नाल पायात राह्यला ना."

घरी आल्यावर गनीभाईनं शबानाला सगळं सांगितलं. तिनं त्याचा फाटलेला पाय धुतला, पट्टी बांधली. बांधता बांधता तिला रडू आलं. "बोलना था ना अब्बा, उसी वक्त," ती म्हणाली. गनीभाई पायाकडं बघत राहिला. कुणी गळा दाबला नव्हता, कुणी धमकी दिली नव्हती. चार माणसं बसली होती, एवढंच.

पुढच्या बाजाराला तो गेला. पेटी घेऊन गेला, कारण पेटीशिवाय त्या झाडाखाली कसं बसायचं ते त्याला येत नव्हतं. आज आलेल्या प्रत्येकाला सांगायचं आणि उठायचं, असं ठरवून तो बसला. पण त्याच्या आधी गोष्ट येऊन पोचली होती. बाभळीचा काटा, बोटभर, कडूबाच्या चांद्याच्या खुरात. गनीभाईनं शोधून काढला म्हणून बैल वाचला. दोघातिघांनी त्याची पाठ थोपटली. "हात म्हनजे हात हाय बा," असंही कुणी म्हणालं. गनीभाईचं तोंड उघडेना.

तेवढ्यात कडूबा राख्याला घेऊन आला.

कुणाशी काही न बोलता त्यानं दोरीचा फेरा टाकला, बैल पाडला, चारही पाय बांधले आणि मान धरून बसला. त्याच कडूनिंबाखाली, त्याच चौघांसमोर. "ठोका," तो म्हणाला. त्यानं वर बघितलं नाही. ही त्याची माफी होती. दुसरी कुठली त्याला करता येत नव्हती, आणि गनीभाईला ती पुरती कळली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्यानं हातोडी घेतली. खूर तासला, नाल बसवला, खिळा लावला, अंगठा टेकवला. एक ठोका मारला. आज बाजारात भोंगा नव्हता, आवाज टणक आला. कदाचित आठही नाल नीट बसले असते. त्यानं अंगठ्याकडं बघितलं. अंगठा खुरावर होता, आणि तो दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसा होता.

त्यानं पकड उचलली आणि ठोकलेला खिळा सगळ्यांसमोर उपसून काढला.

"काटा नव्हता थो," तो मोठ्यानं म्हणाला. "खिळा होता. माहा होता. मले मालूम होतं, तरी आत ठेवला. कडूबाचा बैल माह्या हातानं कामातून गेला. माह्या हाताले आता काई समजत नाई. आजपासून कोनी माह्याकडे बैल आनू नका."

कुणीतरी हसलं, आणि बाकीचे हसत नाहीत असं बघून गप्प झालं. कडूबाचे दोन्ही हात अजून राख्याच्या मानेवरच होते. त्याचा चेहरा काळवंडला होता. आपण झाकलेलं आपल्यादेखत कुणी उघडं केलं की माणसाचं जे होतं ते त्याचं झालं होतं. पण तो चांद्याबद्दल बोलला नाही, आणि आपल्या खोट्याबद्दलही नाही.

"मंग म्या कोनाकडे जाऊ?" त्यानं विचारलं.

आसपासच्या बाजारांत नालबंद उरला नव्हता. होते त्यांची पोरं गॅरेजांत गेली होती, नौशादसारखीच. गनीभाईनं वाकून दोऱ्या सोडल्या. गाठी त्याला डोळ्यांनी बघून बघून सोडाव्या लागल्या. कडूबा तेवढा वेळ थांबला, मदत न करता.

राख्या उठला, अंग झाडलं. कडूबानं कासरा धरला आणि त्याला फरशीवरून नेलं. गनीभाईनं सवयीनं डोळे मिटले. जुने नाल कधीच झिजून गळून गेले होते, नुसते खूर दगडावर पडत होते, बद्द बद्द, आणि त्या आवाजात त्याला सगळं नीट ऐकू येत होतं. पुढचे दोन बरे होते. मागचा उजवा पाक झिजला होता, आत पोकळ वाजत होता. त्या टेकाडावर पंधरा दिवस, फार तर महिना.

"कडूबाभाऊ, मागचा उजवा जपजा," त्यानं ओरडून सांगितलं.

कडूबा थांबला नाही. पण काही पावलांवर त्यानं कासरा ओढून राख्याला रस्त्याच्या खाली घेतलं, कडेच्या मऊ मातीवर, आणि स्वतः डांबरावरून चालू लागला. टेकाड लागेपर्यंत माती होती.